लहान विश्वांतील कृष्णविवरें

एखादा प्रश्न आवाक्याबाहेरचा वाटूं लागला म्हणजे शहाणा मनुष्य त्याचें लहानसें रूप करून तें आधीं सोडवून पाहतो. शाळेंत लांबलचक भागाकार शिकविण्यापूर्वीं एक आंकडी भागाकार शिकवितात, तो वेळ घालविण्यासाठीं नव्हे. मोठ्या हिशेबांतील युक्ति लहान हिशेबांत उघडी दिसते म्हणून. गणिती पदार्थविज्ञानांत गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत याच रीतीचा एक विलक्षण प्रयोग झाला. एकदां घडून गेलेली गोष्ट निसर्ग कायमची विसरूं शकतो काय, हा प्रश्न आपल्या विश्वांत सुटेना. तेव्हां शास्त्रज्ञांनीं लांबी, रुंदी व उंची यांपैकीं एक किंवा दोन वजा केलेलीं लहान विश्वें कागदावर उभीं केलीं आणि तेथील कृष्णविवरांना तोच प्रश्न विचारला. या इतिहासांत मुंबईच्या एका संस्थेचें आणि खानदेशांत जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाचें कार्य पहिल्या रांगेंतील आहे. मराठी घरांत त्याची ओळख व्हावी तितकी झालेली नाहीं.

कृष्णविवर म्हणजे काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे. आइन्स्टाइन यांनीं १९१५ सालीं व्यापक सापेक्षतावाद पूर्ण केला आणि लगेच १९१६ सालीं कार्ल श्वार्झशिल्ट यांचें त्यांतील समीकरणांचें पहिलें बिनचूक उत्तर प्रसिद्ध झालें. त्या उत्तरांत असें गर्भित होतें कीं, सूर्याचें सगळें द्रव्य सुमारें ३ किलोमीटर त्रिज्येच्या गोलांत दाबून बसविलें, तर त्याच्या आंतून प्रकाशहि बाहेर पडूं शकणार नाहीं. पृथ्वीच्या बाबतींत ही त्रिज्या सुमारें ९ मिलिमीटर भरते. पनवेलच्या खाडींत ओहोटीच्या वेळीं होडी वल्हविणारा कोळी मनांत आणावा. प्रवाह संथ आहे तोंवर तो होडी हवी तिकडे नेतो. परंतु प्रवाहाचा वेग वल्ह्याच्या वेगाहून अधिक झाला, कीं त्या जागेपलीकडे होडीचें तोंड किनाऱ्याकडे असलें तरी ती समुद्राकडेच जाते. कृष्णविवराच्या सीमेवर, म्हणजे त्याच्या क्षितिजावर, प्रकाशाची गति अशीच होते. आणि प्रकाशाहून वेगवान असें वल्हें निसर्गांत कोणाजवळच नाहीं.

हा विषय आपल्या देशांत फार लवकर रुजला. कोल्हापुरास १९०८ सालीं जन्मलेले विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिज येथील शिक्षण संपवून १९३२ सालीं बनारस हिंदु विद्यापीठांत गणिताचे प्राध्यापक झाले, आणि त्यांच्या भोंवतीं सापेक्षतावादाचा अभ्यास करणारी मंडळी जमली. त्यांच्या मार्गदर्शनाखालीं प्रह्लाद चुनीलाल वैद्य यांनीं १९४३ सालीं एक नवें उत्तर शोधून काढलें. श्वार्झशिल्टचा तारा थंड व अचल होता. वैद्यांचा तारा प्रकाश बाहेर टाकतो आणि त्यामुळें त्याचें वस्तुमान क्षणोक्षणीं घटत जातें. त्या काळीं हें उत्तर तेजस्वी ताऱ्यांपुरतें वाटलें. कृष्णविवराचेंहि वस्तुमान कधीं घटेल, अशी शंका तेव्हां कोणाला नव्हती. पुढें ती आली तेव्हां वैद्यांचें गणित घटत्या कृष्णविवराचें चित्र काढण्यास आयतें उपयोगी पडलें.

ती शंका स्टीफन हॉकिंग यांनीं १९७४ सालीं आणली. अणुरेणूंच्या जगांत जे क्वांटम नियम चालतात ते कृष्णविवराच्या क्षितिजाला लावले असतां, विवर अगदीं काळें राहत नाहीं. त्यांतून मंद उष्णतेचा झोत सतत निघत असतो, असें त्यांच्या गणितांत दिसून आलें. सूर्याएवढ्या विवराचें तापमान निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या कोट्यंशापेक्षांहि कमी भरतें. परंतु झोत कितीहि मंद असला तरी तो वस्तुमान घेऊन जातो. म्हणून पुरेसा काळ लोटल्यावर विवर आटत आटत नाहींसें व्हावें. तेथेंच मोठी अडचण उत्पन्न झाली. समजा, एकाच वजनाच्या दोन वस्तु आहेत: एक जुनी पोथी आणि दुसरी किराणा मालाची वही. पोथी विस्तवांत जळाली, तरी धूर, राख व उजेड यांच्या सूक्ष्म रचनेंत तिचा मजकूर तत्त्वतः शिल्लक असतो. तो जुळवून वाचणें अशक्यप्राय आहे, एवढेंच. हॉकिंगच्या हिशेबाप्रमाणें मात्र विवरांत पोथी पडली काय किंवा वही पडली काय, बाहेर येणारा झोत तोच. विवर आटून गेल्यावर दोहोंतील भेद जगांत कोठेंच उरत नाहीं. १९७६ सालीं हॉकिंग यांनीं स्पष्ट विधान केलें कीं, निसर्गांत माहिती खरोखरच नष्ट होते.

हें विधान साधें नव्हे. क्वांटम शास्त्राचा पायाच असा आहे कीं, आजची स्थिति पूर्ण माहीत असेल तर कालची स्थितीहि तत्त्वतः काढतां यावी. जमाखर्चांतील एकहि रक्कम गहाळ होऊं नये. हॉकिंग बरोबर असतील, तर हा पायाच खचतो. ते चुकत असतील, तर चूक नेमकी कोठें आहे हें दाखविणें भाग आहे. परंतु दाखविणार कसें? विवर आटण्याच्या अखेरच्या क्षणीं गुरुत्वाकर्षणालाच क्वांटम नियम लावावे लागतात, आणि तसें सर्वमान्य शास्त्र तेव्हां नव्हतें, आजहि नाहीं. शिवाय आपल्या विश्वांत गणित फार गुंतागुंतीचें होतें. तीन दिशा व एक काल अशा चार मितींच्या विश्वांत, कोणत्याहि एका ठिकाणची वक्रता सांगण्यास २० संख्या लागतात.

मिति कमी केल्या तर काय होतें? पनवेल तालुक्यांतील बेलपाडा येथें २०२३ सालापासून बेलापूर-पेंधर मेट्रोचें स्थानक आहे. खारघरच्या डोंगरावर चढणाऱ्या माणसाचें ठिकाण सांगण्यास तीन अंतरें लागतात. सपाट मैदानावर खेळणाऱ्या मुलाचें ठिकाण दोन अंतरांनीं सांगतां येतें. परंतु मेट्रोंत बसलेल्या उतारूचें ठिकाण सांगण्यास बेलापुरापासूनचें एकच अंतर पुरतें, आणि त्याला जोडून घड्याळांतील वेळ. त्याला दिशा दोनच: पुढें किंवा मागें. हें दोन मितींचें विश्व झालें. मैदानाच्या म्हणजे तीन मितींच्या विश्वांत वक्रतेच्या २० संख्यांच्या जागीं ६ उरतात. रुळाच्या विश्वांत अवघी १ उरते. रुळाच्या विश्वांत कोणी कोणाभोंवतीं फिरूं शकत नाहीं, वाटेंतला अडथळा वळसा घालून टाळतां येत नाहीं. एवढें सोपें विश्व असल्यावर तेथील गुरुत्वाकर्षणाचा हिशेब शेवटपर्यंत करतां यावा, ही आशा स्वाभाविक होती.

पहिली निराशा लगेचच पदरीं पडली. कारण विश्व फारच सोपें झालें होतें. मैदानाच्या विश्वांत आइन्स्टाइनचीं समीकरणें लावलीं असतां, जेथें द्रव्य नाहीं तेथें वक्रताहि नाहीं, असें निघतें. गुरुत्वाच्या लाटा तेथें उठत नाहींत. द्रव्याचा एक कण ठेवला तर भोंवतालचा अवकाश, कागदाच्या वर्तुळांतून पाचर कापून कडा जुळविल्यावर जसा फुटाण्यांचा पुडा होतो, तसा होतो. पुड्याचें टोंक सोडलें तर कागद कोठेंच चुरगळलेला नसतो. पोलंडचे स्टारुश्किएविच यांनीं १९६३ सालीं हें दाखविलें, आणि डेझर, जॅकिव्ह व ट होफ्ट यांनीं १९८४ सालीं त्याचा सविस्तर विचार केला. अशा ठिकाणीं कृष्णविवर कसचें असणार, असें बहुतेकांना वाटे. १९९२ सालीं बान्यादोस, तायतेलबोइम व सानेली या त्रयीनें तो समज मोडला. रिकाम्या अवकाशालाच थोडी ऋण वक्रता दिली, तर तीन मितींतहि क्षितिज व तापमान असलेलें खरेंखुरें विवर मिळतें, असें त्यांनीं सिद्ध केलें. रुळाच्या विश्वांत तर आइन्स्टाइनचीं समीकरणें डाव्या बाजूस आपोआप शून्य होतात. त्यांत सांगण्यासारखें कांहीं उरतच नाहीं. तेथें गुरुत्वाकर्षण जिवंत करावयाचें तर त्याच्या जोडीला आणखी एखादें क्षेत्र आणावें लागतें.

तें क्षेत्र कोठून आणावें, याचें एक उत्तर तंतुसिद्धांतानें दिलें, आणि येथेंच मुंबईचें नांव येतें. होमी भाभा यांच्या पुढाकारानें १९४५ सालीं स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा सैद्धांतिक पदार्थविज्ञानाचा विभाग कुलाब्याच्या समुद्रकांठीं आहे. त्या संस्थेच्या परंपरेंतील गौतम मंडल, अनिर्वाण सेनगुप्त आणि स्पेंता वाडिया या तिघांनीं १९९१ सालीं दोन मितींच्या तंतुसिद्धांताचीं समीकरणें सोडविलीं, तेव्हां त्यांच्या उत्तरांत क्षितिज असलेलें एक विवर निघालें. त्याच वर्षीं एडवर्ड विटेन हेहि दुसऱ्या वाटेनें याच विवरापर्यंत पोंचले. एका रुळावर मावणारें कृष्णविवर अशा रीतीनें जन्मास आलें. तें कोणत्याहि दुर्बिणींतून दिसावयाचें नव्हतें. परंतु त्याचें संपूर्ण वर्णन एका ओळींत लिहितां येत होतें, आणि हेंच त्याचें मोल.

पुढच्याच वर्षीं, १९९२ सालीं, कॅलन, गिडिंग्ज, हार्वे व स्ट्रॉमिंजर या चौघांनीं या विवराला प्रकाशाचा झोत पुरविला. त्यांच्या विश्वांत आधीं विवर नसतेंच. एका बाजूनें आलेल्या झोतापासून तें बनतें, मग हॉकिंगच्या रीतीनें तापतें आणि आटूं लागतें. जन्मापासून अंतापर्यंतची सारी कथा एकाच पटावर मांडतां येईल, अशी आशा उत्पन्न झाली. अर्थात् या विश्वाची रीत सर्वस्वीं आपल्यासारखी नाहीं. आपल्याकडे विवर लहान होत जाईल तसें अधिक तापतें. तेथें तापमान वस्तुमानावर अवलंबूनच नसतें. तरीहि क्षितिज, झोत आणि हरवलेली माहिती हे कथेंतील तिन्ही मुख्य भाग तेथें उपस्थित होते. दुर्दैवानें शेवटचें पान याहि वेळीं वाचतां आलें नाहीं. विवराच्या पोटांत एक अशी रेषा येई, कीं तेथें वक्रता अनंत होऊन समीकरणें थांबत. कथा तेथेंच तुटे.

हा धागा पुढें ज्यांनीं हातीं घेतला ते अभय अष्टेकर. त्यांचा जन्म १९४९ सालीं खानदेशांतील शिरपूर येथें झाला. शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनीं १९७४ सालीं, म्हणजे हॉकिंगचा शोध प्रसिद्ध झाला त्याच वर्षीं, मिळविली. १९८६ सालीं त्यांनीं आइन्स्टाइनच्या समीकरणांना नवीं चलें देऊन त्यांचें रूप पालटलें. त्या रूपांतून गुरुत्वाकर्षणाला क्वांटम नियम लावण्याची एक स्वतंत्र शाखाच निघाली. आपली नवी रीत प्रथम लहान विश्वावर पारखून पाहण्याची दक्षता त्यांनीं घेतली. १९८९ सालीं हुसेन, रोव्हेली, सॅम्युएल व स्मोलिन यांच्यासह लिहिलेल्या निबंधांत त्यांनीं तीन मितींचें गुरुत्वाकर्षण हें चार मितींच्या शास्त्राची तालीम म्हणून वापरलें. पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठांत ते १९९३ सालीं गेले. तेथें त्यांच्या नेतृत्वाखालीं या विषयाचें एक मोठें केंद्र उभें राहिलें.

रुळाच्या विश्वांतील विवराकडे अष्टेकर वळले, ते व्हिक्टर टाव्हेरस आणि बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेचे माधवन् वरदराजन् यांच्यासह. २००८ सालीं या तिघांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांचा मुद्दा घरगुती भाषेंत असा मांडतां येईल. हॉकिंगच्या चित्रांत विश्वाचा कागद विवराच्या पोटांतील त्या रेषेपाशीं फाटलेला आहे. जें तिकडे गेलें तें फाटलेल्या कडेवरून खालीं पडलें, म्हणून हिशेब तुटतो. परंतु ती रेषा म्हणजे विश्वाची कड आहे, असें कोणी सिद्ध केलें? जुनीं समीकरणें तेथें थांबतात, एवढेंच खरें. नकाशा संपला म्हणून जमीन संपत नाहीं. अवकाश व काल यांनाच क्वांटम नियम लावले असतां कागद त्या रेषेपलीकडेहि पसरलेला आढळतो. आणि या विस्तारलेल्या कागदावर मांडलेला हिशेब शेवटपर्यंत जुळतो. त्यांनीं हेंहि मोकळेपणानें सांगितलें कीं, पूर्ण समीकरणें अद्यापि सुटलेलीं नाहींत. हा निष्कर्ष कांहीं आसन्न रीतींवर व कांहीं गृहीतकांवर उभा आहे.

तीन वर्षांनीं, २०११ सालीं, अष्टेकरांनीं फ्रान्स प्रिटोरियस व फेथी रमझानोग्लू यांच्या साहाय्यानें याच आटण्याचें गणित अतिशय सूक्ष्म अचूकपणें संगणकावर करविलें. तेव्हां दोन अनपेक्षित गोष्टी दिसल्या. पहिली अशी कीं, विवराचें उरलेलें वस्तुमान मोजण्याची रूढ रीत वापरली तर, क्षितिज अजून चांगलें मोठें असतांनाच तें वस्तुमान शून्याच्या खालीं जातें. म्हणून मापच सुधारावें लागलें. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आरंभीं विवर पुरेसें मोठें असेल, तर तें कसें बनलें याला पुढें महत्त्व राहत नाहीं. सुरुवातीचा थोडा काळ सोडला तर सर्व मोठीं विवरें एकाच ठराविक वळणानें आटतात.

या दुसऱ्या गोष्टीनें मूळ प्रश्नालाच फांटा फुटला. जमाखर्चाची बेरीज जुळणें ही एक गोष्ट. आणि गिळलेल्या वस्तूचा मजकूर बाहेरच्या झोतांत वाचतां येणें ही दुसरी. आपल्या विश्वांत या दोन गोष्टी एकच समजल्या जातात. रुळाच्या विश्वाला मात्र डावें व उजवें अशीं दोन निरनिराळीं टोंकें असतात, म्हणून तेथें त्या वेगळ्या होतात. बेरीज जुळावी असे पुरावे संगणकाच्या हिशेबानें बळकट केले. परंतु सर्व विवरें एकाच वळणानें आटत असतील, तर त्यांच्या झोतावरून आंत पोथी गेली होती कीं वही, हें ओळखतां येण्याची आशा अष्टेकर व त्यांचे सहकारी धरीत नाहींत. लहान विश्वानें प्रश्नाचें उत्तर दिलें तें असें: होकार, पण एका अटीवर. आणि त्याबरोबरच, आपण एकच प्रश्न विचारीत आहों असें ज्यांना वाटत होतें, त्यांना त्यानें दोन प्रश्न दाखवून दिले.

यावर कोणीहि म्हणेल कीं, रुळावरच्या बाहुलीच्या घराचा आपल्या विशाल विश्वाशीं संबंध काय? या आक्षेपाला एक सबळ उत्तर आहे. विद्युत्‌भार किंवा फिरकी यांची कमाल मर्यादा गांठलेल्या चार मितींच्या विवराजवळ गेलें, तर क्षितिजाच्या लगत अवकाशाला एक खोल घसा पडलेला असतो, आणि त्या घशाच्या तळाशीं घडणारें बरेंचसें दोन मितींच्या शास्त्रानें सांगतां येतें. मराठी वाचकांच्या परिचयाच्या दाभोलकर घराण्यांतील, आणि २०१९ सालीं इटलींतील त्रिएस्ते येथील आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक पदार्थविज्ञान केंद्राचे संचालक झालेले अतीश दाभोलकर यांनीं गोमेस व समीर मूर्ति यांच्यासह अशाच दोन मितींच्या घशांत अशा कांहीं विवरांची क्वांटम अंतःस्थिति मोजण्याची रीत बसविली. १९९१ च्या त्रयींतील मंडल व वाडिया यांनीं २०१७ सालीं प्रांजल नायक यांच्यासह पुन्हां दोन मितींच्या क्वांटम गुरुत्वाकर्षणावर नवें काम प्रसिद्ध केलें. बाहुलीच्या घरांतून मोठ्या वाड्याकडे जाणारा जिना आहे, असें यावरून दिसतें. मात्र तो वाड्याच्या सर्व दालनांत पोंचतो, असें नव्हे.

तंतुसिद्धांताच्या बाजूनेंहि २०१९ सालीं मोठी मजल मारली गेली. डॉन पेज यांनीं १९९३ सालींच सांगून ठेवलें होतें कीं, माहिती टिकत असेल तर झोतांतील गोंधळ आधीं वाढेल आणि अर्धें आयुष्य उलटल्याच्या सुमारास घटूं लागेल. पेनिंग्टन यांनीं, आणि त्याच सुमारास अल्महेरी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, ही चढ-उताराची रेषा प्रत्यक्ष गणितानें काढून दाखविली. अल्महेरी प्रभृतींचें तें गणितहि दोन मितींच्या विवरावरच बसविलेलें होतें. अष्टेकरांची वाट आणि ही वाट यांचें अजून एकमत नाहीं. माहिती टिकते असें दोघेहि म्हणतात. ती केव्हां व कोणत्या मार्गानें बाहेर येते, याविषयीं त्यांचा वाद आहे.

हा वाद प्रयोगानें मिटण्याचा संभव दृष्टिपथांत नाहीं. हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथच्या बाजूस लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी करण्यास केंद्र सरकारनें २०२३ सालीं मान्यता दिली. दूरचीं विवरें एकमेकांवर आदळतांना उठणाऱ्या लाटा ती मोजणार आहे. परंतु विवराचें आटणें तिच्याहि कक्षेबाहेरचें. आकाशांतील विवरें भोंवतालच्या अवकाशाहून इतकीं थंड आहेत कीं, तीं जितकी उष्णता टाकतात त्याहून अधिक घेतात. सूर्याएवढें विवर आटण्यास एकावर सदुसष्ट शून्यें इतकीं वर्षें लागतील. ज्याची वाट पाहणें कोणालाच शक्य नाहीं, त्याचा विचार कागदावरच करावा लागतो. आणि चार मितींचा कागद अजून कोणाला पूर्ण वाचतां आलेला नाहीं.

म्हणून दोन व तीन मितींचीं विश्वें हा केवळ बुद्धीचा खेळ ठरत नाहीं. त्यांतील प्रत्येक पायरीवर एक ठाम वाटणारा समज गळून पडला: तीन मितींत विवर असूं शकत नाहीं हा एक, विवराच्या पोटांतील रेषा म्हणजे विश्वाची कड हा दुसरा, आणि हिशेब जुळला कीं मजकूर वाचतां येईलच हा तिसरा. आपल्या चार मितींच्या विश्वांत यांपैकीं काय खरें ठरेल, तें पुढील पिढ्यांनीं ठरवावयाचें आहे. बनारस, कुलाबा, बंगळूर आणि शिरपूर या गांवांशीं जोडलेल्या माणसांनीं त्यांच्यासाठीं प्रश्न अधिक स्वच्छ करून ठेवला आहे, हें काम थोडें नव्हे.